डावा कप, उजवा कप

आमच्या घरात गेल्या दिवाळीपर्यंत कॉफी म्हणजे जायफळाची कॉफी. पातेल्यात दूध, दुधात साखर, मागोमाग चमचाभर पूड आणि उतरवताना किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ. कॉफीने तरतरी येते म्हणतात. आमच्याकडे ती पिऊन सगळे दुपारी चारला पुन्हा आडवे होत. अलिबागजवळच्या नागावच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत, निवृत्त माणसाने तरतरीत राहून करायचं तरी काय, हाही प्रश्न होताच.

दिवाळीला मुलगा बंगळुरूहून आला तो एस्प्रेसोचं मशीन घेऊन. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीने, गाडीच्या डिकीत, दोन चादरींत गुंडाळून. (ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तीही असा मुहूर्त बघून, की पुढच्या दहा दिवसांत अख्खा देश घरी बसला.) मशीन ओट्यावर विराजमान झालं तेव्हा मिक्सर, पोळपाट आणि पाण्याची कळशी यांना पिढीजात जागा सोडाव्या लागल्या. "बाबा, आता तुम्ही खरी कॉफी प्यायची," असं सांगून मुलगा तीन दिवसांनी परत गेला. म्हणजे साठ वर्षं मी प्यायलो ती खोटी होती.

खऱ्या कॉफीचं गणित असं. तळाला बारीक भोकं असलेली एक पसरट वाटी असते, तिला बास्केट म्हणतात. ती ज्या दांड्यात बसते तो पोर्टाफिल्टर. बास्केटमध्ये १८ ग्रॅम पूड घालायची, वरून दाबून बसवायची आणि २५ ते ३० सेकंदांत खाली ३६ ग्रॅम कॉफी यायला हवी. पाणी मशीन ढकलतं, ९ बार दाबाने. बार म्हणजे काय हे समुद्राकाठी राहिल्यामुळे मला चटकन समजलं. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की एक बार वाढतो. नऊ बार म्हणजे नव्वद मीटर. आमच्या किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, मुंबई हायला जिथे तेल काढतात, तिथेही समुद्र साधारण ७५ मीटरच खोल आहे. म्हणजे आमच्या ओट्यावर रोज सकाळी सात वाजता तेलविहिरीकाठच्या समुद्रतळाहून जास्त दाब तयार होतो आणि त्यातून निघतात दोघांत मिळून चार घोट. हे मी मोठ्या अभिमानाने पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "मग गॅस बारीक करा."

पोर्टाफिल्टरला खाली दोन तोट्या असतात. डाव्या तोटीखाली हिचा कप, उजव्या तोटीखाली माझा. पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं की माझ्या कपात जास्त पडते. सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा काटा मशीनसोबत आला होता, त्यावर मोजलं. उजवा कप २१ ग्रॅम, डावा १५. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पत्नी काही बोलली नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला मला बोलायला विषय कधी कमी पडलेले नाहीत. त्यामुळे ती गप्प राहिली याचा अर्थ हा विषय तिने पुढच्या एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवला होता. तुम्ही म्हणाल, कप बदलून घ्यावेत. घेतले. मग रात्री तिला झोप येईना आणि दिवसा मला डुलक्या येऊ लागल्या.

मुलाला फोनवरून व्हिडिओ दाखवला. तो डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुमचं टँपिंग तिरकं आहे. चॅनेलिंग होतंय."

टँपिंग म्हणजे पूड दाबणं, आणि ज्याने दाबायचं तो टँपर. चॅनेलिंग काय ते त्याने बराच वेळ समजावलं. त्याची काही गरज नव्हती, आमच्या खारेपाटात ते शेंबड्या पोराला कळतं. खारेपाटातली भातशेती समुद्राला बांध घालून राखलेली आहे. उधाणाचं पाणी चढतं तेव्हा ते अख्खा बांध ढकलत बसत नाही. कुठे खेकड्याने बीळ केलंय, कुठे माती भुसभुशीत राहिली आहे, तेवढी जागा शोधतं. तिथून आधी थेंब, मग धार, आणि सकाळी बघावं तर बांधाला खांड पडलेली, शेतात खारं पाणी. कॉफीचंही तेच. दाबताना एका अंगाला पूड घट्ट आणि दुसऱ्या अंगाला सैल राहिली, की पाणी सैल बाजूने खांड पाडून निघून जातं. खांडीतली पूड धुऊन धुऊन कडू होते, बाकीची जेमतेम भिजते आणि आंबट लागते. दोन्ही चवी एकाच कपात येतात, आणि लोक त्याला 'कॉफीची गुंतागुंतीची चव' म्हणून गप्प बसतात. चॅनेलिंगपेक्षा खांड हा शब्द मला जास्त आवडतो. त्यात नुकसान ऐकू येतं.

खांड डोळ्यांनी बघायची असेल तर बिनतोट्यांचा, तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर लावतात. त्याचं इंग्रजी नाव 'नेकेड' असं आहे. ते मुलाने फोन स्पीकरवर असताना उच्चारलं आणि हिने हातातली भाजी खाली ठेवली. तो लावून मशीन सुरू केलं. कॉफी मधोमध शेंडीसारखी एकत्र येऊन खाली यायला हवी होती. तिच्या जागी तीन बारीक पिचकाऱ्या उडाल्या. एक माझ्या सदऱ्यावर, एक फ्रिजवर आणि एक भिंतीवरच्या कालनिर्णयवर, संकष्टीच्या चौकोनात. चंद्रोदयाची वेळ त्या महिन्यात शेजारी विचारावी लागली.

दोष माझ्या हाताचाच, याबद्दल मला स्वतःला शंका नव्हती. कारण मी चौतीस वर्षं बँकेत होतो आणि त्यातली पहिली बारा केवळ शिक्के मारण्यात गेली. माझा शिक्का उजवीकडे ठळक आणि डावीकडे पुसट उठे. तारखेतला दिवस दिसायचा नाही, वर्ष तेवढं स्वच्छ. ऑडिटवाल्यांनी यावर एकदा लेखी शेराही मारला होता. बँक सुटली तरी मनगट तेच राहिलं. आता फक्त चेकच्या जागी कॉफी आली होती.

मशीनसोबत आलेला टँपर प्लास्टिकचा होता, चमच्याच्या शेपटीला चिकटवलेला. तो हातात धरून काही दाबणं म्हणजे आइस्क्रीमच्या काडीने नारळ सोलणं. मग मी खलबत्त्यातला बत्ता वापरून पाहिला. पितळी, वजनदार, घरचा. त्याचा तळ गोलसर असल्यामुळे पुडीत छान खळगा पडला आणि कॉफीला दोन दिवस आल्या-लसणाचा वास आला. पत्नीने बत्ता काढून घेतला आणि तो कुठे ठेवलाय ते आजतागायत मला सांगितलेलं नाही.

मग पोलादी टँपर आला. साधा, गोल, सपाट, लाकडी मुठीचा. त्याच्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं की दाब ३० पौंड असावा, म्हणजे साडेतेरा किलो. हाताला साडेतेरा किलो कळावेत म्हणून सराव करतात तो न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर. मी काटा जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यावर टँपर टेकवला आणि डोळे मिटून दाबू लागलो. अकरा. सोळा. चौदा. त्याच वेळी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांनी मला बघितलं, काट्याला बघितलं, आणि हिला हळूच विचारलं, "भाऊंची तब्येत बरी आहे ना?"

एका रात्री वीज गेली असताना काही सुचेना म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली. बास्केटचा व्यास ५८ मिलिमीटर. क्षेत्रफळ साडेसव्वीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास. नऊ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर नऊ किलोहून थोडं जास्त. गुणाकार केला आणि मेणबत्तीच्या उजेडात बघत राहिलो. मी पुडीवर साडेतेरा किलो जोर लावतो आणि पाठोपाठ पाणी तिच्यावर जवळजवळ अडीचशे किलोने बसतं! मग मी चौदा लावले काय नि सोळा लावले काय, पाण्याला त्याचं काय सोयरसुतक? एकदा पूड नीट दबली की पुढच्या जोराला फारसा अर्थ नाही. पाणी एवढंच बघतं की सपाट आहे की तिरकं. हा हिशेब मी ऑडिटवाल्यांना दाखवू शकलो असतो तर बरं झालं असतं.

तिरक्या हातांच्या माणसांसाठी जगाने एक सोय केलेली आहे. तिचं नाव सेल्फ-लेव्हलिंग टँपर. खरं तर कॉफीला अशी सोय लागावीच असं नाही. माटुंग्याला माझ्या एका तमिळ सहकाऱ्याच्या घरी पितळी फिल्टर होता. त्यात दांडी असलेली भोकांची चकती पुडीवर नुसती ठेवायची आणि पाणी ओतून आंघोळीला जायचं. पाणी आपल्या वजनाने थेंब थेंब उतरे, कॉफी उत्तम होई आणि कोणी कोणाला किती पौंड असं विचारत नसे. पण तिथे घाई नव्हती. अर्ध्या मिनिटात काम उरकायचं म्हटलं की नऊ बार आले, नऊ बार आले की खांड आली, खांड आली की टँपर आला.

हा सेल्फ-लेव्हलिंग टँपर प्रत्यक्ष बघावा म्हणून मी मांडव्याहून बोटीने मुंबईत गेलो. कॉफीच्या एका दुकानात काउंटरमागच्या पोराला विचारलं, की बाबा, हा आपोआप सरळ बसणारा टँपर नक्की सरळ बसतो कशाच्या आधाराने? पोराने विचारलं, "अंकल, कहाँ से आये हो?" मी म्हटलं, "अलिबाग." आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू उमटलं, जे आम्ही पिढ्यान् पिढ्या ओळखतो.

'अलिबाग से आया है क्या' या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मी मनाला लावून घेतलं. त्या पोराला म्हटलं, मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मोजमापाचे आकडे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम कुठे हलवलं माहीत आहे? अलिबागला. इमारतीत लोखंड असेल तर चुंबकाची सुई फसेल, म्हणून पोरबंदरचा दगड आणून लोखंडाविना बांधली. शंभरहून जास्त वर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वातली बारीकशी हालचाल तिथे टिपली जाते. अचूकपणा आम्हाला शिकवतोस?

पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंकल, साइज क्या है? अट्ठावन या तिरपन?"

प्रश्न बरोबर होता. बास्केटं ५१, ५३, ५४, ५८ अशी अनेक मापांची असतात आणि टँपर त्या मापाचा नसेल तर बाकीचं सगळं ज्ञान फुकट. मी ५८ सांगितलं, घरी येऊन ऑनलाइन ५८ मागवला, आणि विक्रेत्याने पाठवला ५३. तो बास्केटमध्ये ठेवल्याबरोबर विहिरीत सोडलेल्या घागरीसारखा कलला आणि कडेने पाव इंच पूड उभीच राहिली. परत पाठवायचा तर कुरिअरवाला नागावात येतो मंगळवारी, आणि मंगळवारी तो यायचा विसरतो.

दुसरा ५८चा आला, पण त्याची स्प्रिंग साध्या लोखंडाची होती. आमच्याकडे खारी हवा खिडकीच्या बिजागऱ्या खाते, पंख्याचे स्क्रू खाते, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा सायलेन्सर तिने तीन वर्षांत संपवला. महिन्याभरात टँपर दाबला की कुरकुर करू लागला आणि मूठ उघडली तर आतून तांबडी पूड पडली. ती कॉफीत गेली असती तर हिच्या हिमोग्लोबिनचा प्रश्न सुटला असता, असं मी म्हणालो. हा विनोद तिला आवडला नाही.

ज्या गावांत हवा कोरडी असते तिथल्या लोकांना हे सांगून समजत नाही. मलबार किनाऱ्यावर कॉफीच्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवतात आणि 'मान्सून्ड मलबार' नावाने चांगल्या भावाने विकतात. आमच्याकडे जूनपासून चिवडा, पापड, मीठ, काडेपेटी आणि बँकेचं पासबुक हे सगळं आपोआप मान्सून्ड होतं, कोणी दमडी देत नाही. पाण्याचीही तीच कथा. वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ. त्याची कॉफी म्हणजे समुद्रात पडून वाचलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट. मशीनमध्ये क्षार साचतात ते वेगळेच. तेव्हा कॉफीपुरता पिण्याच्या पाण्याचा कॅन विकत आणतो.

तिसरा टँपर मात्र घरी राहिला. पूर्ण स्टेनलेस, आतली स्प्रिंगही स्टेनलेस. त्याची युक्ती एवढीच, की खालच्या चकतीभोवती एक रुंद कडं असतं. ते कडं बास्केटच्या काठावर टेकतं आणि चकती त्याच्या आतून सरळ खाली उतरते. हात कितीही तिरका पडो, कडं काठाला धरून राहतं, त्यामुळे चकतीला कलायला जागाच उरत नाही. सासरी आलेल्या जावयासारखी तिला एकच वाट असते. घेताना तीन गोष्टी बघाव्यात: चकती भिंतीलगत पूड सोडत नाही ना, कडं आपल्याच बास्केटच्या काठावर नीट टेकतं ना, आणि चकती पुरेशी खाली उतरते ना. काही टँपरांत ती ठराविक खोलीवर थांबते. पूड थोडी कमी पडली तर तो दाबतोय असं आपल्याला वाटत राहतं आणि खाली पूड तशीच मोकळी हसत असते. आणि बास्केटमध्ये पूड आधीच एका बाजूला ढीग करून टाकली असेल तर हा टँपर फक्त वरचा पृष्ठभाग सपाट करतो, आतली सैल बाजू सैलच राहते. त्यासाठी पूड आधी सुईने नाहीतर दाताच्या काडीने मोकळी करून सारखी पसरावी लागते. हे कामही मीच करतो. पत्नीच्या मते सकाळी सात वाजता कॉफीत सुई फिरवणाऱ्या माणसाचं नाव कोणत्याही कागदावर वारस म्हणून घालू नये.

फरक पडला, हे प्रांजळपणे सांगतो. पिचकाऱ्या बंद झाल्या. उघड्या पोर्टाफिल्टरमधून कॉफी मधोमध एका धारेने उतरू लागली. आधी कधी अठरा सेकंद तर कधी एक्केचाळीस लागायचे, आता सत्तावीस ते एकोणतीस. चवही रोज एकच. नव्या कालनिर्णयवर अजून एकही डाग नाही.

मग मोठ्या खुशीने तोट्यांचा पोर्टाफिल्टर लावला, दोन कप ठेवले. उजवा २१. डावा १५.

त्या आठवड्यात आमच्या गडग्याचं काम चाललं होतं. गवंडीकाका दहा वाजता चहाला आत आले. म्हातारा माणूस, जून २०२० च्या निसर्ग वादळात स्वयंपाकघरावर माड पडला तेव्हा भिंत आणि ओटा यांनीच नव्याने बांधला. मी त्यांना चहाऐवजी एस्प्रेसो देऊ केली. त्यांनी टँपर हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "ही तं धुम्मस हाय, दादा." जमीन करताना मुरूम ठोकायची धुम्मस. म्हणाले, धुम्मस जोराने मारायची नसते. उचलायची आणि सरळ सोडायची, ती आपल्या वजनाने काम करते. नवीन पोरगं तिरकं मारतं, मग पहिल्या पावसात अंगणात एकाच ठिकाणी डबकं साचतं. जी गोष्ट शिकायला मला तीन टँपर, एक वजनकाटा आणि एक न्यायालयीन प्रकरण लागलं ती त्यांनी बशीत कप ठेवता ठेवता सांगून टाकली.

मग मी कपांचं रडगाणं गायलो. त्यांनी मशीनकडे पाहिलं, बाहेर गेले, पिशवीतली लेव्हलची पट्टी आणली आणि मशीनच्या डोक्यावर आडवी ठेवली. बुडबुडा सरकत सरकत डावीकडे जाऊन बसला.

"वट्याला ढाल हाय," ते म्हणाले.

ढाळ! सिंक उजवीकडे, म्हणून ओटा उजवीकडे उतरता. मशीन ओट्यावर, म्हणून मशीनही उतरतं. टँपर बिचारा बास्केटच्या काठाशी इमानाने सरळ होता. त्याला पृथ्वीशी काही देणंघेणं नव्हतं. पण बास्केटच्या खाली आलेली कॉफी शेवटी पाणीच. ती उताराच्या तोटीला धावत होती. माझं मनगट, माझी बँक, माझे बारा वर्षांचे शिक्के, सगळे या एका बाबतीत निर्दोष होते.

मी जरा तक्रारीच्या सुरात म्हटलं, "काका, ओटा वाकडा बांधलात तुम्ही."

काकांनी कप खाली ठेवला. "वाकडा? मुद्दाम दिलाय ढाल. तीन फुटाला अर्धा इंच. सपाट केला असता तं पानी तुंबलं असतं, आनि मंग वहिनीनी कोनाला बोललं असतं?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. चार वर्षांत या ओट्यावर पाण्याचा एक थेंब साचलेला नाही, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की या घरात एवढी एकच गोष्ट नीट विचार करून झालेली आहे.

काकांनीच उपाय केला. पुतण्याच्या लग्नाच्या चार पत्रिका उरल्या होत्या. जाड, सोनेरी वर्ख लावलेल्या. त्या दुमडून मशीनच्या उजव्या पायांखाली सारल्या. बुडबुडा मधोमध आला. कप ठेवले. उजवा १८, डावा १८. काकांनी एस्प्रेसोचा एक घोट घेतला, चेहरा आवळला आणि विचारलं, "यात साखर घालायची राहिली का?" हिने त्यांच्या कपात दूध, साखर आणि जायफळ घातलं. मग त्यांनी दुसरा कप मागितला.

तेव्हा टँपर घ्या, जरूर घ्या. बास्केटचं माप मोजून, आतली स्प्रिंग गंजणारी नाही ना ते विचारून घ्या. पण त्याआधी ओट्यावर लेव्हलची पट्टी ठेवून बघा, ती फुकट आहे. मांडव्याला उतरून नागावकडे आलात तर आमच्याकडे या, दोन्ही कप सारखे भरून देईन. फक्त येताना चौकातल्या दुकानातून पाण्याचा एक कॅन घेऊन या. विहिरीचं मचूळ आहे.